रांग

मलाबाच्या शाळेत फळ्यावर
मी बंदर काढतो: मोम्बासा.
तिथून एक रेघ, खडू मोडेपर्यंत,
कंपाला, किगाली.
"मालाची किंमत वाटेत वाढते," मी सांगतो.
"डिझेल, टोल, आणि थांबलेला प्रत्येक तास.
विलंब म्हणजे तोटा. लिहून घ्या."

माना खाली.
खिडकीबाहेर ट्रकांची रांग
काल दुपारी होती तिथंच.
निळ्या ताडपत्रीखाली गहू असेल, किंवा टाइल्स.

अमोइतनं मात्र लिहिलेलं नाही.
"तोटा कुणाचा, सर?"
तिची आई उकडलेली अंडी विकते रांगेत,
मीठ-मिरचीची पुडी फुकट.
रांग लांबली की दोन क्रेट संपतात.
मागच्या महिन्यात नाक्यावर नवं यंत्र आलं,
तीन दिवस गाड्या सरसर गेल्या,
आणि घरी तिघी बहिणींनी
सकाळ-संध्याकाळ अंडीच खाल्ली.

वर्गात हसू फुटतं. तीही हसते.
मी डस्टर उचलतो, परत ठेवतो.
रेघेवर, जिथं आपलं गाव,
एक टिंब काढतो, अंड्याएवढं.

"पण परीक्षेत काय लिहायचं?" मागून एकिसा.
"तोटाच लिहा," मी म्हणतो.

बाहेर कुणीतरी इंजिन चालू करतं.
अमोइतची मान
खिडकीकडे वळते.