जोड नाही

डोळ्यांची तपासणी झाली. रिक्षा मिळेना,
ऊन तर असं की आप्पांना थेंबांनंतर सोसेना,
म्हणून जंगली महाराज रस्त्यावरून
पाताळेश्वरात शिरलो, सावलीला.

आप्पांनी चपला काढल्या,
हात मात्र जोडले नाहीत.
नंदीच्या गोल मंडपाच्या खांबावर
तळवा टेकला, पुरेल तितका वर नेला,
पुन्हा खाली, बुंध्याशी. नख फिरवून बघितलं.
"जोड नाही," म्हणाले.
"जमीन, खांब, छत, एकाच अंगाचं."

चाळीस वर्षं पाटे-वरवंटे घडवले त्यांनी,
वाघोलीच्या खाणीतला काळा दगड.
घरोघरी मिक्सर आले
आणि सुतकी पलंगाखाली गेली.
अजून आहे. झाडताना पायाला लागते.

आत एके ठिकाणी काम अर्धंच सुटलेलं.
मी म्हटलं, पैसे संपले असतील, किंवा राजा.
आप्पा वाकले, काळा चष्मा कपाळावर सारला,
टाकीच्या घावांवर फुंकर मारली
भुकटी आत्ताच पडल्यासारखी.
"चीर लागली असणार.
पाटा फुटला तर दुसरा दगड घ्यायचा.
इथं दुसरा कुठला?"

बाहेर आल्यावर थांबले.
"एवढं पोकळ केलं,
तर काढलेला दगड टाकला कुठं?"

मला माहीत नव्हतं.
पाटीवरही लिहिलेलं नव्हतं.

रिक्षा मिळाली डेक्कनला.
घर येईस्तोवर आप्पा
डोकं बाहेर काढून
रस्त्याकडेच बघत होते.