हाताला काही लागत नाही

बरकाला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात
मी पंपांची नाडी बघतो.
अकरा वर्षं.
लोखंडी नळीचं एक टोक कानाला,
दुसरं बेअरिंगवर, आणि सांगायचं :
हा अजून चार महिने काढेल,
हा काही ईद बघत नाही.

म्हणजे मला फसवणं सोपं नव्हतं.
तरी सीबच्या गल्लीत सालिम बरवानींनी
पांढरी चादर बाजूला केली
तेव्हा मी आधी किंमत विचारायची विसरलो.

नुसतं चक्रच अकरा किलोचं.
बटण बंद केल्यावर थांबायला त्याला
दोन मिनिटं लागली, आणि आम्ही दोघं,
पाहुणा वळणाआड जाईपर्यंत दारात थांबावं
तसे उभे.
का विकताय, विचारलं.
त्यांनी कानाकडे बोट दाखवलं.
रेडिओ केंद्रात चौतीस वर्षं.
आधी वरचे स्वर गेले, मग नातवंडांचे आवाज,
मग दारावरची घंटा.

मागच्या सीटवर पट्टा बांधून आणलं,
ताशी चाळीसने, सगळ्या ट्रकांच्या शिव्या खात.
मृण्मयीला फोनवर आकडा सांगितला, बाराशे.
रियाल म्हणालो नाही.
"त्या डबड्याला बाराशे?" म्हणाली.
(हे एकदा निस्तरायचं आहे.)

मग महिनाभर मोजमाप.
खाली कुणाच्या तरी ओट्यातून उरलेली ग्रॅनाइटची लादी,
लादीखाली चार रबरी गोळे,
वर गवंड्याचा पाणसळ, बुडबुडा मध्यावर येईपर्यंत
कागदाच्या घड्या सारत.
सुईचा भार सोनाराच्या काट्यावर : पावणेदोन ग्रॅम.
एसी चालू ठेवून ऐकलं, बंद करून ऐकलं.
जुलैत बंद, म्हणजे बनियनवर,
हनुवटीवरचा थेंब तबकडीवर पडू नये म्हणून
मान वाकडी करून.
शेवटी कामावरची नळी आणली,
टोक मधल्या दांड्याजवळ टेकवलं.

काही नाही.
अकरा वर्षांत पहिल्यांदा एक यंत्र
माझ्याशी काही बोललं नाही.
मी जरा घाबरलोच.

तबकडी माझ्याकडे एकच, नाट्यपदांची,
दापोलीच्या बंद पडलेल्या वाचनालयाचा शिक्का असलेली.
पूर्वी कॅसेटवर शेकडो वेळा ऐकलेलं पद.
आता दुसऱ्या अंतऱ्याआधी
तबलजी मांडी बदलतो, ते ऐकू येतं.
बाई आवंढा गिळते.
पेटीच्या भात्याला बारीक भोक आहे,
डावीकडे, घडीवर.
मी सवयीने मनात नोंद केली :
हा काही ईद बघत नाही.
मग आठवलं, किती ईदा होऊन गेल्या त्याला.

शिफ्टवरचा दाद करीम चहाला आला होता.
पूर्ण बाजू ऐकली, कप खाली ठेवला, म्हणाला,
"चांगलं आहे. पण यात पैसे कुठे ऐकू येतात?"
मी म्हटलं, दोन ओळींच्या मध्ये.
तो पुढची ओळ सुरू होईपर्यंत गप्प बसला,
आणि मग, "महाग आहे," म्हणाला.

बरवानी आले सप्टेंबरात, खजूर घेऊन.
चपला काढल्या, सरळ यंत्रापाशी गेले,
फिरत्या चक्राशेजारी लाकडावर तळवा ठेवला.
बराच वेळ.
मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो,
दहावीचा निकाल घ्यायला आल्यासारखा.
"काही लागत नाही," म्हणाले. "शाबास."
आणि खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसले,
त्याच्या कापडावर पाच बोटं टेकवून,
पिकलेलं आंबट-गोड काही दाबून बघावं इतकी हलकी.

"बाई आहे," म्हणाले थोड्या वेळाने.
मी मान हलवली.
"जाडी आहे?"
मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात कारखान्यातून फोन. चार नंबरचा पंप.
बूट घालेपर्यंत बाजू संपली होती,
सुई आतल्या वळणावर पोचून
टक्... टक्...
आणि बरवानींचं एक बोट
त्या टकटकीला बरोबर धरून चाललेलं,
डोळे मिटलेले.

सुई उचलायला हवी होती, झिजते ती अशाने.
मी किल्ली शोधत राहिलो.