तळटीप अकरा

अक्का, तुझा पेपर वाचला.
म्हणजे, चित्रं पाहिली.
एक रेघ उडी मारून वर जाते,
तो डॉलर, जुलै एक्क्याण्णवचा.
दुसरी तिच्याखाली आडवीच,
पाळी सुटल्यावर माणूस कट्ट्यावर पडतो तशी.
तिचं नाव विचारायला मला इंग्रजी लागलं नाही.

रुपया पडला त्या आठवड्यात
भद्रावती पेठेत कुणीतरी पेढे वाटले होते.
टॉवेल तोच, पैसे जास्त!
महिन्याभरात व्यापाऱ्याकडे हॅम्बुर्गचा फॅक्स:
भाव उतरवा.
उतरवला.
नगामागची मजुरी होती तिथंच होती.

तू तेव्हा नववीत.
दोन मागांमधल्या पोत्यावर बसून
बिजकांच्या पाठकोऱ्या बाजूला गणितं करायचीस,
खडखडाटात स्वतःलाच ऐकू यावं म्हणून
ओरडून.

मग पुणं, मग ते बर्फाचं गाव,
तिथून दर रविवारी फोन
आणि नायनांचा एकच प्रश्न:
"उद्या डॉलर काय राहील?"
"सांगता येत नाही, नायना."
"मग शिकलीस काय एवढं?"

वीस वर्षं तू हेच तर सिद्ध करत होतीस,
पानपानभर समीकरणं मांडून,
की उद्याचा त्यातल्या त्यात बरा अंदाज
म्हणजे आजचा भाव.
नायना म्हणाले,
एवढं तर कांड्या भरणाऱ्या नरसव्वालाही ठाऊक आहे.

ते गेल्यावर ट्रंकेतली बिजकं तू नेलीस,
चारशे बारा.
एकावर शेंगाचटणीच्या तेलाचा डाग.
परिषदेत कुणी विचारलं, हा आकडा पुसट का?
तू खरं ते सांगितलंस. सभागृह हसलं म्हणे.
हसण्यासारखं काय होतं त्यात?

तळटीप अकरा:
एका विणकर कुटुंबाची बिजकं, सोलापूर.
नाव नाही.
तसा नियम असतो, म्हणालीस.
असेल.

आज लाइट नाही. सोळा माग गप्प.
तू फणीशी वाकलीयेस, चष्मा कपाळावर,
तुटलेलं टोक सापडलंय तुला.
नायनांची ती गाठ,
दोन बोटांत मारून दातांनी तोडायची,
अजून येते की गं तुला.

माझ्या मोबाइलवर आजचा भाव आलाय.
तू विचारत नाहीस.
मीही सांगत नाही.
आधी लाइट येऊ दे.