कूलरची वायर

मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर असताना,
त्याने कूलरची वायर कापली.
पक्कड त्याचीच, टेलिफोन खात्यातली, पिवळ्या मुठीची.
तीस वर्षं गिट्टीखदानचे खांब चढलेल्या हातांनी
टोकं वेगळी केली, दोन्हींना नीट चिकटपट्टी लावली.
"पाण्याच्या आवाजाखाली बोलून रायले ते," म्हणाला,
"तुले नाही ऐकू येत?"

मला वाळत चाललेल्या खसाचा वास येत होता.

आधी मी भांडले.
कोण ते? कुठले?
आपल्या घरी आहेच काय ऐकण्यासारखं,
कुकरच्या शिट्ट्या, आणि तुमचा खोकला?
जितके पुरावे मांडले
तितकी मी त्यांची झाले.
एका संध्याकाळी त्याने ताट माझ्याकडे सरकवलं.
"पहिले तू खा."
खाल्लं.
तेव्हापासून रोज पहिला घास माझा.
लग्नात नाव घेऊन याला भरवला होता
तेव्हा कानापर्यंत लाजला होता हा माणूस.

उमरेडहून दीर आले, पुडी देऊन गेले.
"चहात टाका वहिनी. त्याले काय समजते."
पुडी तीन दिवस मिठाच्या डब्यामागे.
साखर ढवळताना एकदा हात गेलासुद्धा.
मग वाटलं, ज्या दिवशी मी हे टाकीन
त्या दिवशी याचं खरं होईल.
या घरात चहात काही मिसळणारं माणूस
खरोखर असेल.
पुडी मोरीत रिकामी केली. तांब्याभर पाणी ओतलं वरून.

खोटं म्हणणं सोडलं मी.
खरंही म्हटलं नाही.
"मले ऐकू येत नाही," म्हटलं,
"पण तुमचे डोळे दिसते ना मले.
ते असोत की नसोत,
झोप तर तुमचीच गेली.
तिच्यासाठी चला."

चौथ्या दिवशी नखं कापता कापता विचारलं,
"कुठं?"
"मानकापूरले."
"पागलखान्यात?"
"हो. दुसरं काही सांगून नाही नेणार तुम्हाले."
नेलकटर बराच वेळ तसंच उघडं राहिलं.
"रस्ता मी सांगन."

मग सदर, मग छावणी, पुन्हा सदर,
तीन ऑटो, वीस मिनिटांच्या वाटेला दीड तास.
गेटवर एक पोरगा कानाला फोन लावून उभा.
परत फिरलो.
येताना उसाचा रस प्यालो,
कांडं त्याने स्वतः निवडलं.
पुढच्या सोमवारी पुन्हा परत.
मी रस्त्यात रडले नाही असं नाही,
आणि एकदा, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, नावाने ओरडले,
हेमराज!
भर रस्त्यात तो वळला.
जणू इतक्या आवाजांत
हा एकच त्याला ओळखीचा.

तिसऱ्यांदा आत गेलो.
डॉक्टरीण आमच्या धाकटीच्या वयाची.
"हिलेच विचारा," तो म्हणाला, "हिले किती पैसे भेटते."
मी पदराचं टोक पाहत राहिले.
तिने मला काहीच विचारलं नाही.
"काका, झोप किती वाजता मोडते?"
तो दाराकडे बघितला, खिडकीकडे, मग माझ्याकडे.
"तीन," म्हणाला. "कधी पावणेतीन."

गोळ्या त्याच्याकडेच असतात.
बल्बखाली धरून बॅच नंबर वाचतो,
लाइनमनच्या जुन्या डायरीत उतरवतो.
कधी गिळतो.
कधी धुण्यात सापडते ती, खिशात विरघळलेली,
आणि मी बादलीपाशी बसून राहते थोडा वेळ.

काल रात्री कूलर त्यानेच जोडला.
पंप गुरगुरला, पाणी पडायला लागलं.
जाळीला कान लावून कितीतरी वेळ उभा.
विचारलं, "बोलते काय?"
"बोलते," म्हणाला. "पण दुरून."

मग भिंतीला पाठ लावून बसला, दाराकडे तोंड करून,
रोजच्यासारखाच.
फक्त त्याआधी
कूलरच्या झडपा माझ्या खाटेकडे वळवल्या.