कुसळं

दसरा होऊन चार दिवस झालेले.
खारघरच्या डोंगरावर गवत पिवळं पडत चाललेलं,
आणि ऊन, पाठीवर कुणी इस्त्री टेकवावी तसं.

कस्तुरी पुढे, मी मागे.
हा क्रम पहिल्यांदाच.
"बाबा, दमलास?"
"छे, फोटो काढतोय."
फोन तर पायथ्यालाच मेला होता.

चाफेवाडीत एका बाईनं काकडी चिरली,
तिखटमीठ लावून लेकीच्या हातावर ठेवली.
मला म्हणाली, तुमी आदी पानी प्या.

कड्यावरून तिनं इमारती मोजल्या.
"ती निळ्या टाकीची आईची. तुझी कुठेय?"
माझी डोंगराच्या पाठीमागे, तळोज्याकडे.
"मग तिकडून बघू ना."
"पुढच्या वेळी."
तिनं लगेच मान डोलावली,
पाढ्यातला आकडा ऐकावा तशी.

खाली बंद टपरीच्या फळीवर बसून
तिच्या मोज्यांतली कुसळं काढत बसलो,
एकेक, नखानं.
साडेसहाला सोडायचं होतं.
सहाला दहा कमी.
मी आणखी हळू काढू लागलो.

"राहू दे दोन-तीन,"
असं म्हणत तिनं त्यातलं एक उचललं
आणि माझ्या बाहीत
उलटं, नीट,
निघणार नाही असं खोचलं.