फ्यूज

कुडचड्याच्या दुकानातून
दोन बंडल वायर, अकरा होल्डर, एक मेन स्विच घेतला
आणि चंद्रनाथाचा डोंगर चढलो.
स्कूटर अर्ध्या घाटीत तापली, पुढे पायीच.
कमिटीला उजेड हवा होता
जत्रेआधी,
अगदी गाभाऱ्यातसुद्धा.

शिडी धरायला खुशाली वेळीप.
सत्तरी उलटलेला माणूस, पण शिडी अशी धरायचा
की वाटे खाली डोंगरच उभा आहे.
आणि गोष्टी सांगायचा
माझ्याकडे न बघता,
मी जणू तुळईवर टोचा मारणारा
एखादा सुतारपक्षी.

भूतनाथाला म्हणे देऊळ हवं होतं
एका रात्रीत.
भुतं कामाला लागली.
चिरे हातोहात वर चढले,
पारोड्यातली कुत्री तेवढी भुंकत राहिली.
कोंबडा आरवला तेव्हा छप्पर व्हायचं होतं.
हातातला दगड जिथल्या तिथे टाकून
भुतं निघून गेली.
‘‘आणि मजुरी?’’ मी वरून विचारलं.
‘‘बाकी असतली,’’ तो हसला.
माझीही होती, मागच्या पावसाळ्यापासून,
दुसऱ्या एका देवळाकडे.
भुतं मला एकदम ओळखीची वाटली.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली नाही.
ती आईकडून ठाऊक होती:
पुनवेचं चांदणं दारातून आत येतं,
पिंडीला लागतं
आणि दगड पाझरतो.
लहानपणी मी विचारलेलं, पाझरतो म्हणजे रडतो?
आई म्हणाली, नाही रे, पान्हा फुटतो तसा.
नंतर मी आयटीआयला गेलो.
गार दगड, दमट हवा, एवढ्यात भागवलं.

सांजेला टेस्टिंग. अकराही दिवे लागले.
खजिनदाराने बोट फिरवत मोजले,
फोटो काढले, खाली उतरला.
गाभाऱ्यातली कोळिष्टकं दिसली,
तेलाचे ओघळ दिसले,
कुणीतरी कधीतरी चुन्याने लिहिलेला हिशोब दिसला.
फक्त देव
सकाळपेक्षा लहान वाटला.

खुशाली उंबऱ्याबाहेर उभा, बराच वेळ.
मग म्हणाला, ‘‘बाबा, आयज पुनव.’’
एवढंच.

मी मेनपाशी गेलो,
चिनीमातीचा फ्यूज उपसला, खिशात टाकला.
मांडीला तो कोमट लागत होता.

आधी नुसता काळोख.
मग खाली कुशावतीकडचे चार-दोन दिवे,
दूर मडगावचा पिवळा धुरळा,
त्याच्याही पलीकडे समुद्र असणार.
चंद्र आत आला तो घाईत नव्हता.
उंबरा.
पायांनी गुळगुळीत केलेली फरशी.
माझी विसरलेली पक्कड. तिच्यावर जरा थांबला,
जणू विचारत होता, ही कुणाची.
मग पिंडी.

सोवळं-ओवळं कुणी विचारलं नाही.
खुशालीने माझं मनगट धरलं,
शिडी धरायचा तसंच,
आणि माझा तळवा दगडावर ठेवला.

खाली कुठेतरी एक मोटारसायकल
वळण घेता घेता गेली.
तिचा आवाज संपला तरी आम्ही तसेच.

‘‘आता लाव,’’ खूप उशिराने तो म्हणाला.
‘‘लावता येत नाही,’’ मी म्हणालो.
‘‘हात ओला आहे.’’

पहिल्याच दिवशी शिकवतात आम्हाला:
ओल्या हाताने मेनला शिवू नये.
बाहेर पायरीवर बसलो
तळवा वर करून, दान मागणाऱ्यासारखा.
हात पँटला पुसता आला असता.
वारा होता,
तरी वाळायला वेळ लागला.
खुशाली शेजारी बसून विडी शोधत होता,
आणि खिशातला फ्यूज
हळूहळू गार पडत होता.