दुसरी प्रत

वर्धा रोडवरच्या नव्या हॉटेलला
बारा निळे फोटो पाहिजेत.
जुने वाटले पाहिजेत, मॅनेजर म्हणाला,
उन्हात छापायचे ना पूर्वी, तसे.
शुक्रवारपर्यंत.

बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर,
गांधीबागेत डांबर चपलेला धरून ठेवतं,
आणि मी आत, कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात
उन्हाची नक्कल करत बसलोय.
प्रिंटरचं डोकं जातं, येतं,
मागावरच्या धोट्यासारखं.

ही उपमा माझी नाही.
निनावे मास्तर कोष्ट्याचे. माग विकून
इतवारीच्या बोळात त्यांनी कॅमेरा घेतला,
पोट भरलं ते मात्र नकाशे छापून.
नकाशे अमोनियावाल्यांकडे गेले,
औषधाच्या दोन बरण्या मागे उरल्या.
रात्री झिरोच्या बल्बखाली कुंचल्यानं ते कागदाला फासायचे,
सकाळी गच्चीवर, काचेखाली, निगेटिव्हसकट.
घड्याळ पाहायचे नाहीत.
कागद राखेच्या रंगावर आला की उचल म्हणायचे.
मी आधीच हात घालायचो.
"काहून बे, घाई करून राहिला?
ऊन काय पळून चाललं?"
मग बादलीत पाणी, पुन्हा पाणी,
पिवळं सगळं वाहून जाईस्तोवर.
आणि तळाशी हळूहळू निळा.

आता निळा आकड्यात आहे.
सावल्या थोड्या वर, पांढरा जरा मळवून,
झिरो माईलच्या मागून मेट्रोचा खांब पुसून टाकला,
फुटाळ्याच्या काठावरून कणसाच्या गाड्यांचे बोर्ड.
कागद कापसाचा, महागाचा. हाताला खरा लागतो.
कडेचा फराटा तेवढा खऱ्या कुंचल्यानं मारला,
एकदाच,
स्कॅन केला, बाराहींना लावला.

तेव्हा दिसलं:
उजव्या कोपऱ्यात कुंचल्याचा एक केस चिकटलाय.
पहिल्यात. दुसऱ्यातही.
उलटा केला, आरशात फिरवला,
तरी तोच केस, बारा ठिकाणी.
मास्तरांचे केस दर वेळी वेगळे गळायचे.
मॅनेजरला हे दिसणार नाही.
मी जेवायला उठलो, आणि जेवताना
डाळीतसुद्धा तो केस शोधत होतो.

माझ्याकडे मास्तरांचा एकच निळा आहे,
त्यांची बहीण भागीरथा, कांड्या भरताना.
तो आणि माझा एक, शेजारी शेजारी
गच्चीवर ठेवले, अर्धे पाटीखाली झाकून.
हीही त्यांचीच रीत, कागद पारखायची.
आठ दिवस.
भागीरथेचा उघडा हात विरला,
जणू कोणी ताकात बुडवला.
माझा जसाच्या तसा.
शंभर वर्षं, खोक्यावर लिहिलंय,
आणि खोटं नाही लिहिलेलं.
मला बरं वाटायला हवं होतं.

शुक्रवारी माल पोचवला. चेक मिळाला.
रिसेप्शनच्या मागे बारा निळे, एका ओळीत,
खाली कुंडीत प्लास्टिकचा बांबू.

ते दोन्ही कागद मी कपाटात टाकले होते,
रिकाम्या खोक्यांखाली, काळोखात.
तीन आठवड्यांनी टेप शोधताना हाताला आले.
भागीरथेचा हात परतला होता.
सगळा नाही. बोटं आली होती,
आणि बोटांतली कांडी.
हे असं होतं, मास्तर सांगायचे,
दमला की त्याला अंधारात निजू द्यावं.
मी ऐकलं होतं, खरं मानलं नव्हतं.

शेजारी माझा पडलेला,
कुठे गेलाच नव्हता,
मग परत काय येणार.

मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलं:
ऊन लागलेलं नाही.
तारीख घातली.
जिथं मास्तरांचा शिक्का असायचा ती जागा
बराच वेळ पाहत राहिलो.
कूलरमधलं पाणी संपलं होतं,
पंप कोरडाच घरघरत होता,
आणि बादली भरायला
मला गच्चीवरच जायचं होतं.